माभेलेला विचारलेला प्रश्न

बुयिस्वाला तिच्या नावाने हाक मारणारं कारखान्यात कोणी नव्हतं, एक मॅनेजर सोडला तर. आमच्यात लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरच्या कुळावरूनच हाक मारतात. म्हणून ती माभेले आणि मी मादलोमो. अननसाच्या पट्ट्यावर आम्ही समोरासमोर उभ्या असायचो. यंत्रातून सोललेलं अननस यायचं, टोकदार सुरीने त्याचे राहिलेले डोळे काढायचे आणि पुढे ढकलायचं. पुढे चकत्या व्हायच्या, डबे भरायचे आणि आमच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या बंदरातून बोटीने इंग्लंडला जायचे. अननस गोड असतं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्याच्या रसात दिवसभर हात बुडवून बघावेत. संध्याकाळी बोटांची सालपटं निघायची आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवतानाही चुरचुरायचं.

माभेले उंच, हाडकुळी, बोलायला कंजूष. नवरा बंदरावर मालाखाली सापडून गेला होता. घरात म्हातारी सासू आणि चार मुलं, मिळवणारी ही एकटी. आधी कितीतरी वर्षं गोऱ्या बाईच्या घरी मोलकरीण होती, तिथे इंग्रजी अशी शिकली की फोनवर बोलली तर समोरचा तिला ‘मॅडम’ म्हणायचा. हट्टी तर विचारू नका. एकदा कारखान्याने हातमोज्यांचे पैसे पगारातून कापायचे ठरवले. आम्ही सगळ्या चरफडलो आणि मोजे घेतले. हिने घेतलेच नाहीत. “तू पण कशाला घेतेस, असं तरी म्हण की मला,” मी म्हणाले. तर म्हणते, “तुझी बोटं तुझी. मी कोण सांगणार?” अशा बाईशी भांडायचीसुद्धा सोय नसते.

ही गोष्ट गोऱ्यांच्या सरकारने लादलेल्या आणीबाणीच्या वर्षातली आहे. बाहेरच्या देशांनी आमच्या सरकारवर निर्बंध घालावेत, इथला माल घेऊ नये, असं चारचौघांत बोलणं हा तेव्हा गुन्हा होता. पोलीस उचलून न्यायचे, आणि मग कोर्ट नाही की वकील नाही. उलट, माल घ्या असं म्हणणं हा मदांत्सानेच्या, म्हणजे आमच्या काळ्यांच्या वस्तीतल्या पोरांच्या लेखी गुन्हा होता. ती पोरं घर पेटवायची. त्यामुळे शहाणी माणसं हवापाण्यावर बोलायची. मी शहाणी नव्हते. मी पट्ट्यावर उभी राहून उघड सांगायचे की हे निर्बंध म्हणजे आमच्या ताटातला घास काढून गोऱ्यांना भूक लागायची वाट बघण्यासारखं आहे.

माझा नवरा म्बुलेलो सोन्याच्या खाणीत फुफ्फुसं जाळून घरी आला होता. दोन पावलं टाकली की भिंत धरायचा. त्याचं औषध, त्याचं दूध, सगळं त्या अननसातून यायचं. तेव्हा मला कुणी तत्त्वं शिकवू नयेत.

एके दिवशी मॅनेजर स्वार्तने माभेलेला ऑफिसात बोलावलं. परत आली तेव्हा चेहऱ्यावर काही नाही. सुरी उचलली आणि कामाला लागली.

“काय म्हणाला गोरा?” मी विचारलं.

“इंग्लंडहून चर्चची माणसं येणारेत. गुरुवारी. आमचे डबे घ्यायचे की बंद करायचे ते इथल्या बायकांना विचारून ठरवणार म्हणे.”

“मग?”

“बायकांच्या वतीने मी बोलायचं.”

माझी सुरी थांबली. “तुला कुणी निवडलं ग?”

“तेच तर,” ती म्हणाली. “स्वार्तने. म्हणाला, बुयिस्वा, फक्त खरं सांग. घरात खाणारी तोंडं किती ते सांग. पुढच्या महिन्यापासून पट्ट्याची मुकादम तू.”

“आणि काय सांगणारेस?”

“अननस बघ, डोळा राहिलाय.”

“माभेले, थट्टा करू नकोस. विलायतेतल्या बायकांनी हा डबा घेतला नाही तर प्रिटोरियातल्या साहेबांच्या ताटातली एक बोटी कमी व्हायची नाही. माझ्या म्बुलेलोचं औषध तेवढं बंद होईल.”

“आणि घेतला तर?”

“तर आम्ही जगू.”

“जगतोच आहोत की,” ती म्हणाली. “म्बुलेलोला विचार कसं जगतोय ते.”

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या दिवशी मी तिच्याशी पुन्हा बोललेच नाही. पण वाईट याचं वाटत होतं, की ती काय ठरवते आहे ते मला चेहऱ्यावरून कळत नव्हतं. इतकी वर्षं समोर उभी राहून मला तिचा चेहरा वाचता येत नव्हता.

रविवारी चर्चनंतर मी तिच्याकडे गेले. भांडण मिटवायलाच गेले होते, पण आत झोलिले बसलेला. झोलिले म्हणजे वस्तीतल्या पोरांचा पुढारी. लहानपणी माभेलेच्याच रविवारच्या वर्गात येशूच्या गोष्टी ऐकलेला. दोन पोरं फाटकाशी उभी होती आणि त्यांच्या पायाशी प्लास्टिकचा कॅन होता. रॉकेलचा वास अंगणापर्यंत येत होता.

म्हातारीने झोलिलेपुढे मक्याचा भरडा आणि आंबट दूध ठेवलं. त्याने टोपी काढली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि मग जेवायला लागला. मला हसावं की बोंब मारावी कळेना.

“मावशी, गुरुवारी पाहुणे येणारेत म्हणे,” तो म्हणाला.

“येणारेत.”

“तुम्ही काय सांगणार ते आम्हाला माहीत आहे.”

“मला अजून माहीत नाही, तुला कसं माहीत?”

“मावशी, मी आदराने बोलतोय.”

“हो ना,” माभेले म्हणाली. “कॅन फाटकाबाहेर ठेवलायस. संस्कार आहेत.”

पोरगा लाजला, पण मागे हटला नाही. “त्यांनी माल घेणं बंद केलं तर हे सरकार गुडघ्यावर येईल. थोडे दिवस उपास काढावा लागेल, सगळ्यांनाच.”

आता मला राहवेना. “तुझी आई कुठे कामाला जाते रे? गोऱ्या बाईकडेच ना? तिला उद्यापासून घरी बसव आणि मग ये आम्हाला उपास शिकवायला!”

“मादलोमोमावशी, तुमचं तोंड सगळ्या वस्तीला माहीत आहे,” तो थंडपणे म्हणाला. “ते जरा जपून वापरा.” त्याने वाडगा चाटून पुसून संपवला, म्हातारीचे आभार मानले आणि गेला. कॅन उचलून नेला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

“खोटं बोल,” मी तिला म्हणाले. “आजारी पड. पाय मुरगळ. गुरुवारी येऊच नकोस.”

“मग ते दुसरीला उभी करतील. पट्ट्यावरच्या फुनेकाला करतील. ती पोर घाबरून काहीही बोलून बसेल.” आणि मग, तिच्या तोंडून कधी न ऐकलेलं वाक्य मी ऐकलं. “मला भीती वाटते, मादलोमो.”

मी तिथेच मनाशी ठरवलं की हिला बोलूच द्यायचं नाही.

गुरुवार हा आमच्या मन्यानोचा, म्हणजे चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनामंडळाचा दिवस. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी. स्वार्तने त्या दिवशी आम्हाला त्याच वेषात कँटीनमध्ये यायला सांगितलं, फोटो चांगले येतील म्हणून. पाहुणे दोन. व्हिटकम नावाचा पांढऱ्या केसांचा पाद्री आणि त्याच्याबरोबर चष्मेवाली बाई, मांडीवर टिपणवही. स्वार्त त्यांच्या शेजारी. आणि मागे चहाच्या मोठ्या भांड्याजवळ तपकिरी बूट घातलेला एक माणूस, जो चहा पीत नव्हता. तो कोण ते कारखान्यातल्या मांजरालाही माहीत होतं. आमच्यात तिसऱ्या बाकावर फुनेका, झोलिलेची सख्खी बहीण. म्हणजे काहीही बोललं तरी ते संध्याकाळच्या आत जिथे पोचायचं तिथे पोचणार होतं.

व्हिटकम चांगला माणूस होता, हे मी मान्य करते. आवाज मऊ होता. म्हणाला, “आम्हाला तुमच्यावर आमचं मत लादायचं नाही. म्हणून विचारायला आलो. आम्ही हे डबे घेणं थांबवलं, तर ते तुम्हाला हवं आहे का?”

माभेले उभी राहिली. स्वार्त तिच्याकडे बघून हसला. तपकिरी बुटांनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं. तिने तोंड उघडलं, आणि मी भजन सुरू केलं.

मन्यानोत असं करता येतं. एखादी बाई बोलताना कोसळायला आली, की दुसरीने भजन उचलायचं, सगळ्यांनी उभं राहायचं, आणि गाणं संपेपर्यंत कुणी कुणाला काही विचारायचं नाही. लांबण लावणाऱ्या पाद्रीलाही आम्ही असंच खाली बसवतो. पहिल्या ओळीलाच सगळ्या उठल्या. बायका मूर्ख नसतात, मी काय करते आहे ते त्यांना कळलं. कँटीनचे पत्रे थरथरायला लागले. चष्मेवाल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आम्ही भक्तीने गातोय. एक भजन संपायच्या आत फुनेकाने दुसरं उचललं, त्या पोरीनेसुद्धा! स्वार्तने घड्याळ बघितलं. पाहुण्यांना पुढे दुसऱ्या गावी जायचं होतं. अजून एक भजन, मग प्रार्थना, मग चहा, आणि आमची माभेले सुटली असती.

तिने हात वर केला.

दुसरीचं भजन मध्ये तोडणं आमच्यात कुणी करत नाही. म्हणजे ताटात थुंकण्यासारखंच ते. आवाज एकेक करून विझत गेले आणि शेवटी मी एकटीच गात राहिले, आणि मग मीही थांबले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. जीव वाचवायला धडपडावं आणि या बाईने तो दोर स्वतःच्या हाताने कापावा!

“मादलोमो, बस,” ती म्हणाली. मग ती इंग्रजीत बोलली, आणि प्रत्येक वाक्य आमच्या खोसा भाषेत पुन्हा सांगितलं, मागाहून कुणी शब्द फिरवू नयेत म्हणून.

“साहेब, तुम्ही बायकांना काय हवं ते विचारता. बायकांनी मला निवडलेलं नाही, मिस्टर स्वार्तनी निवडलंय. त्यामुळे मी माझ्या दोन हातांपुरतं सांगते. या हातांनी साफ केलेलं अननस तुम्ही घेऊ नका. माझी मुलं उपाशी राहतील ते मला कळतं, तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तरी घेऊ नका. हे सरकार मला नको आहे.”

चहाच्या भांड्याजवळ कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. म्हणजे त्याच्याजवळ कप होता तर.

“पण इथे मादलोमो आहे,” ती पुढे म्हणाली. “तिचा नवरा श्वासासाठी झगडतोय. ती म्हणेल, घ्या. ती फितूर नाही. तिच्या वाटची भूक मी तुम्हाला देऊ शकत नाही, ती माझी नाही. आणि तुम्हीही ती माझ्याकडून मागू नका. तुम्ही बंद केलंत तर तुमच्या विचाराने करा. काळ्या बायकांनी सांगितलं म्हणून केलं, असं घरी जाऊन सांगू नका. चालू ठेवलंत तरी आमचं नाव पुढे करू नका.”

व्हिटकमचा चेहरा पडला होता. तो आधार शोधत होता, आणि तो त्याला मिळाला. “मादलोमो कोण आहेत?” त्याने विचारलं.

सगळी कँटीन माझ्याकडे वळली. मनातल्या मनात मी माभेलेला काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पट्ट्यावर बडबडणं वेगळं. इथे मी ‘घ्या’ म्हटलं तर फुनेकाच्या कानातून ते कॅनपर्यंत जाणार, ‘घेऊ नका’ म्हटलं तर तपकिरी बुटांपर्यंत. गप्प बसावं, तर जिने मला फितूर नाही म्हटलं ती बाई एकटी उभी होती.

मी उठले. माझं इंग्रजी मोडकंतोडकं. “घ्या,” मी म्हणाले. “माझा नवरा मरतोय. मला डबे पाहिजेत.” स्वार्त मान डोलवायला लागला, तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि हेही लिहा,” मी त्या चष्मेवालीला म्हणाले, “की हा प्रश्न तुम्ही मला पोलिसाला मागे उभा करून विचारलात.”

स्वार्तची मान थांबली. चष्मेवाल्या बाईने मागे वळून बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा.

माभेलेला त्यांनी पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत हात लावला नाही, एवढी रीतभात पाळली. मग तपकिरी बूट पुढे आले. जाताना ती फुनेकाच्या बाकाशी थांबली. “तुझ्या भावाला सांग,” ती म्हणाली, “मादलोमो सगळ्यांसमोर बोलली, अंधारात नाही. तिच्या दाराशी कॅन दिसला तर मी सुटून आल्यावर त्याच्याशी बोलेन. आणि तेव्हा आदर ठेवणार नाही.” फुनेकाने मान खाली घातली. आमच्या दाराशी कोणी आलं नाही. पण वस्तीतल्या कितीतरी बायकांनी माझ्याकडचं पाणी घेणं सोडलं, तेही खरं.

पुढच्या आठवड्यात स्वार्तने मुकादमाची जागा मला देऊ केली. पोलिसाचं बोलणं तो विसरायला तयार होता, कारण ‘घ्या’ म्हणणारी तेवढी मीच होते. मी घेतली. कुणाला त्यात वाईट दिसत असेल तर त्याने म्बुलेलोच्या उशाशी एक रात्र बसून दाखवावं. माभेलेच्या सासूला मी पगारातलं थोडं पीठ-साखर पोचवत होते, आणि म्हातारी ते न बोलता घेत होती.

मग इंग्लंडहून डब्यांची मागणी थांबली. व्हिटकममुळे की आणखी कुणामुळे, आम्हाला कोण सांगणार? तिकडे कोणीतरी हात वर केले असतील, टाळ्या वाजल्या असतील. इकडे अर्धे पट्टे बंद झाले, मुकादम बायकांना आधी कामावरून काढलं, मी त्यांत होते. औषध परवडेना, तेव्हा म्बुलेलो म्हणायला लागला की त्याला बरं वाटतंय. डॉक्टर म्हणाले असते तर कदाचित विश्वास ठेवला असता. हिवाळा संपता संपता तो गेला.

आमच्यात नवरा गेला की विधवेने जमिनीवर गादी टाकून भिंतीशी बसायचं, दफन होईपर्यंत. बायका येतात, प्रार्थना करतात, जातात. मी अशी बसलेली असताना दारात माभेले उभी राहिली. तुरुंगातून आदल्याच दिवशी सुटली होती. केस पांढरे झाले होते आणि कपडे अंगावर लोंबत होते. ती येऊन माझ्याशेजारी खाली बसली. बाकीच्या बायका कुजबुजल्या आणि बाहेर गेल्या.

“बंद झाले डबे,” मी म्हणाले. “झालं तुझ्या मनासारखं.”

“मी माझ्यापुरतं बोलले होते.”

“तुझ्यापुरता वेगळा डबा होता का ग?”

“नव्हता,” ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती सांगेल की सरकार पडणार आहे, चांगले दिवस येणार आहेत, म्बुलेलोचं मरण वाया जाणार नाही. सांगितलं असतं तर मी तिला हाकलून दिलं असतं. तिने सांगितलं नाही.

“तो म्हातारा पुन्हा आला,” मी म्हणाले, “आणि त्याने तुला पुन्हा विचारलं, तर?”

“तेच सांगेन.”

“माझ्या तोंडावर सांगतेस?”

“तुझ्या तोंडावर सांगता येत नसेल, तर मग त्याला तरी कशाला सांगू?”

मी तिच्या तोंडात मारली. आवाज बाहेर अंगणापर्यंत गेला. दारातून दोन बायका डोकावल्या. माभेलेने त्यांना मानेनेच जा म्हणून खुणावलं. गालावर हातसुद्धा नेला नाही. मग ती भिंतीला टेकली आणि तशीच माझ्याशेजारी बसून राहिली, म्बुलेलोला नेईपर्यंत. आणि मीही तिला जा म्हटलं नाही.